परसातल्या कोंबड्यांसाठी कोंबडा निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याआधीच्या तरुण कोंबड्या, नेणारे ग्राहक वर्षभराने परत येतात, तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते. पहिली पिढी उत्तम वाढली, अंडीही मनासारखी मिळाली. परंतु त्याच कोंबड्यांची अंडी उबवून निघालेली पिल्ले लहानमोठी निघाली, काही पहिल्या पंधरवड्यातच दगावली आणि जी जगली त्यांना आईबापांचे वजन आले नाही. खाद्य कोणते घातले, लसी वेळेवर दिल्या का, अशी चौकशी करत आम्ही शेवटी कोंबडा कुठला होता हे विचारतो आणि उत्तर मिळते, ‘‘त्याच लॉटमधला.’’ मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपासून घणसोली-ऐरोलीच्या गावठाणांपर्यंत हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याविषयी एकदा सविस्तर लिहून ते प्रत्येक खरेदीसोबत द्यावे असे ठरवले.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. केवळ खाण्यापुरती अंडी हवी असतील, तर कोंबड्याची गरज नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तितकीच अंडी देते. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. ज्यांचे खुराडे रो-हाउसच्या मागे किंवा सोसायटीच्या भिंतीला लागून आहे, त्यांना आम्ही कोंबडा न घेण्याचाच सल्ला देतो. कोंबडा उजाडण्याच्या बऱ्याच आधी आरवू लागतो आणि त्यावरून शेजाऱ्यांशी वाद झाला की चांगल्या चालणाऱ्या कोंबड्याही विकून टाकाव्या लागतात. पिल्ले काढायची असतील, तरच पुढचे वाचावे.

नेहमीची चूक होते ती अशी. शंभरातल्या जवळपास पन्नास पिल्लांचे नर होतात. ते वाढवले जातात आणि आषाढ अमावस्येच्या आधी, म्हणजे गटारीला, सर्वांत भारदस्त नर प्रथम विकले जातात, कारण तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात गावठी कोंबड्याला वर्षातला उत्तम भाव मिळतो. गिऱ्हाइकाने बाजूला सारलेला एखादा किरकोळ नर मागे राहतो आणि पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. म्हणजे कळपातील सर्वांत महत्त्वाचा पक्षी कोणी निवडलेलाच नसतो. एका कोंबडीचा दोष तिच्या दहा-बारा पिल्लांपुरता राहतो, पण कोंबड्याचा दोष त्या वर्षी निघालेल्या प्रत्येक पिल्लात उतरतो, म्हणून निवडीचे सारे कष्ट कोंबड्यावर घ्यावेत असे आम्ही आग्रहाने सांगतो.

शिवाय असा नर कळपातील माद्यांचा बहुतेक वेळा भाऊ असतो. जवळच्या रक्ताचा संयोग एक-दोन पिढ्या चालू राहिला की अंडी कमी फलित होतात, बसवलेल्या अंड्यांतून कमी पिल्ले निघतात आणि निघालेल्यांत मर वाढते. हे नुकसान हळूहळू होत असल्यामुळे लोक हवेला, खाद्याला किंवा आमच्या पिल्लांना दोष देतात. कोंबडा दुसऱ्या वंशाचा आणणे आणि तोही दीड-दोन वर्षांनी बदलणे हाच यावर उपाय आहे.

वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया हे पक्षी पाळणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात, तर गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाला. वेगवेगळे वाण मुद्दाम एकत्र आणून हे पक्षी बनवले आहेत आणि त्यांची जोमदार वाढ हे त्या पहिल्या मिलनाचे फळ आहे. वनराजा कोंबडा आणि वनराजा कोंबडी यांची पिल्ले मात्र वनराजा नसतात. एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत पुन्हा विखुरतात आणि एकाच घाण्यातील पिल्ले एकमेकांसारखी राहत नाहीत. म्हणून असे पक्षी पाळायचे असल्यास दर वेळी नवी पिल्ले घ्यावीत. हा सल्ला आमच्या विक्रीच्या सोयीचा आहे असे काहींना वाटते, पण घरची पिल्ले सहा महिने खाद्य घालून वाढवल्यावर निराश होण्यापेक्षा ग्राहकाने हे आधीच जाणून घेतलेले आम्हाला अधिक बरे वाटते.

आता जातीविषयी. आपल्या माद्या कोणत्या आहेत, हे पाहून कोंबडा ठरवावा. माद्या गावठी असतील आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली पिल्ले काढायची असतील, तर दुसऱ्या गावातील, वेगळ्या वंशाचा, उंच आणि चपळ गावठी कोंबडा सर्वांत निर्धोक ठरतो. पिल्लांचे वजन आणि अंडी वाढावीत अशी इच्छा असेल, तर ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातीचा नर घ्यावा. त्याची पिल्ले लवकर भरतात. त्यांतील माद्या मात्र आईइतक्या हमखास खुडूक बसत नाहीत, म्हणून काही शुद्ध गावठी कोंबड्या वेगळ्या राखाव्यात, नाहीतर दोन-तीन वर्षांत अंड्यांवर बसायला घरात कोंबडीच उरत नाही. असील कोंबडा काटक आणि देखणा असतो, पण दुसऱ्या नराला तो जवळ उभा राहू देत नाही. झुंजीसाठी आम्ही तो देत नाही, कारण पक्ष्यांच्या झुंजी लावणे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

कडकनाथ या काळ्या मांसाच्या जातीची मागणी मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथाला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून फार वाढली आहे. कडकनाथ नर गावठी माद्यांत सोडल्यास काही पिल्ले काळसर निघतात, पण ती कडकनाथ नव्हेत आणि त्या नावाने विकू नयेत. शुद्ध कडकनाथ हवा असेल, तर नर-मादी दोन्ही शुद्ध आणि वेगवेगळ्या वंशाचे घ्यावे लागतात. त्याची अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात, हेही येथे सांगून ठेवतो, कारण अंड्याच्या रंगावरून शंका घेणारे फोन आम्हाला दर महिन्याला येतात.

‘सर्वांत मोठा कोंबडा द्या’ ही मागणी आम्ही सहसा पूर्ण करत नाही. सव्वा-दीड किलोच्या गावठी कोंबडीवर चार किलोचा नर चढला की तिची पाठ नखांनी आणि पायांच्या काट्यांनी सोलवटते, जखमेवर माश्या बसतात आणि पावसाळ्यात ती चिघळते. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात जड नर धापा टाकत सावलीत बसून राहतो आणि अंडी रिकामी जातात. मध्यम वजनाचा, किमान सहा-सात महिन्यांचा, लाल तुऱ्याचा, सरळ बोटांचा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देणारा नर पुरेसा आहे. आठ ते दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण ठेवावे. पशुसंवर्धन विभाग योजनेतून देतो त्या तलंगा गटातही 25 माद्यांना 3 नर असतात. पाच-सहा माद्यांत दोन नर सोडल्यास दिवसभर भांडणे होतात आणि त्रास माद्यांनाच होतो.

नवा कोंबडा घरी नेल्याबरोबर कळपात सोडू नये. तो कोठूनही घेतलेला असो, किमान दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाणी-खाद्याच्या भांड्यांसह ठेवावा. मानमोडी (राणीखेत) हा संसर्गजन्य रोग अशाच नव्या पक्ष्याबरोबर खुराड्यात शिरतो आणि 2022च्या फेब्रुवारीत आपल्याच शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता, हे आपण विसरू नये. जुना नर काढल्यानंतरही त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकते, म्हणून त्या काळातील अंडी खाण्यासाठी वापरावीत आणि तीन आठवडे उलटल्यावर मिळालेली अंडी बसवावीत.

आमच्या कोंबड्याचा दर बाजारातील कोंबड्यापेक्षा अधिक का, असे विचारले जाते. बाजारातील नर मांसाच्या वजनावर विकला जातो. आमचा नर त्याच्या वंशाची नोंद ठेवून, लसी देऊन सात महिने वाढवलेला असतो. प्रत्येकाच्या पायात क्रमांकाची कडी असते आणि ग्राहकाने आमच्याकडून नेलेल्या माद्यांच्या वंशातील नर आम्ही त्याला देत नाही. त्यासाठीच जुनी पावती दाखवण्याचा आग्रह धरतो. एकदा बाहेर गेलेला पक्षी आम्ही परत घेत नाही, ही अट काहींना जाचक वाटते, परंतु एका परत आलेल्या कोंबड्यामुळे शेडमधील सगळे पक्षी, आणि त्यांच्यामार्फत इतर ग्राहकांचे पक्षी, आजारी पडू शकतात.

अंडी बसवण्यासाठी दिवाळीनंतरचे थंड दिवस चांगले, म्हणून कोंबडा दसऱ्यापूर्वीच आपल्या घरी पोहोचलेला असावा. त्यासाठी श्रावणात नोंदणी करावी, कारण गटारीनंतर आमच्याकडेही मोजकेच नर शिल्लक असतात. येताना माद्यांची संख्या व जात लिहून आणावी आणि त्यांचे एक-दोन फोटो मोबाइलमध्ये असावेत. कोंबडा नेण्यासाठी सकाळी नऊच्या आत, हवा खेळेल अशी टोपली घेऊन यावे. पोत्यात बांधून दुचाकीवर न्यायचा असल्यास आम्ही पक्षी देत नाही.