आंतर-ट्रॅपी थर

दख्खन ट्रॅपमधील (दख्खनच्या पठारावरील लाव्ह्याच्या खडकांच्या विस्तारातील) बेसाल्ट या थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाच्या एकावर एक पसरलेल्या थरांच्या दरम्यान आढळणाऱ्या, बहुतांशी गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाच्या खडकांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. एक उद्रेक थंडावून दुसरा होईपर्यंत लाव्ह्याच्या पृष्ठावरील खोलगट भागांत तळी तयार झाली व त्यांच्या तळाशी साचलेला गाळ पुढच्या लाव्ह्याखाली गाडला गेला. चर्ट (सिलिकायुक्त कठीण खडक), चुनखडक व मृत्तिका हे त्यांतील प्रमुख खडक होत. सह्याद्रीत ट्रॅपची जाडी २,००० मी.हून अधिक भरते, तर हे थर सामान्यतः काही मीटरच जाडीचे व तुटक असतात. तरीही उद्रेककाळातील जीवसृष्टीची माहिती प्रामुख्याने त्यांतूनच मिळते.

नागपूरजवळील टाकळी येथील जीवाश्म स्टीव्हन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोळा केले. डावीकडे वळण घेणारा फायसा प्रिन्सेपाय हा शंख या थरांची ओळखखूण मानला जाई. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे सिलिकेने शिळारूप झालेली ताडवर्गीय खोडे, अझोला हे जलनेचे आणि निपा या पामची फळे मिळाली आहेत.

या थरांच्या वयाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जुन्या भूवैज्ञानिकांचा कल ते उत्तर क्रिटेशस (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील) मानण्याकडे होता. उलट, ताडवर्गीयांची विपुलता आणि अझोला व निपा यांचे अस्तित्व यांवरून पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल सहानी यांनी १९३०च्या दशकात ते त्यानंतरच्या तृतीयक कल्पाच्या आरंभीचे, म्हणजे इओसीन, असावेत असे प्रतिपादन केले. मात्र केवळ वनस्पतींवरून केलेली कालनिश्चिती येथे अपुरी ठरली, असे आता म्हणावे लागते. काही ठिकाणी या थरांत डायनोसॉरांचे अवशेष सापडले असून किरणोत्सर्गी कालमापनाने ट्रॅपच्या मुख्य उद्रेकाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे येते. दुसरीकडे, छिंदवाड्यातीलच झिलमिली येथील सागरी फोरॅमिनीफेरा (कवचधारी सूक्ष्म एकपेशीय जीव) पॅलिओसीनच्या (क्रिटेशसनंतरच्या व इओसीनपूर्वीच्या काळाच्या) आरंभीचे आहेत. सर्व आंतर-ट्रॅपी थर एकाच वयाचे नसून क्रिटेशस-पॅलिओसीन सीमेच्या दोन्ही बाजूंस विखुरलेले आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. निपा आज खाडीकाठच्या भरतीच्या पाण्यात वाढत असल्याने मध्य भारतापर्यंत समुद्राचा फाटा आला असावा, हे सहानींचे अनुमान मात्र झिलमिलीच्या पुराव्याशी जुळते.

तेलंगणातील नस्कल येथे डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपाय या लहान सस्तन प्राण्याचे दात मिळाले. त्याच्या जातिनामात हिस्लॉप यांचे स्मरण आहे. मुंबईत वरळी येथील थरांत इंडोबॅट्राकस या बेडकाचे सांगाडे सापडले असून हे थर पॅलिओसीन समजले जातात.