निवडणूक दाव्यांची आकडेवारीनिशी तपासणी (मराठवाडा)

प्रचारातले दावे सरकारी अहवाल, बाजारभाव, धरणसाठा आणि मतमोजणीच्या नोंदींशी ताडून पाहण्याची पद्धत. मराठवाड्यातल्या 8 जिल्ह्यांत विधानसभेच्या 46 जागा आहेत आणि प्रचार बहुतेक वेळा शेतमालाचा भाव, पाणी व अनुशेष (राज्याच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट) यांभोवती फिरतो. सभेतला आकडा साफ खोटा क्वचितच असतो. तो कशाचा आणि कधीपासूनचा, एवढेच गाळलेले असते.

सोयाबीनचेच घ्या. हमीभाव 2013-14 मध्ये क्विंटलला 2,560 रुपये होता, 2024-25 मध्ये 4,892 झाला. ‘भाव जवळपास दुप्पट केला’ हे कागदावर खरे. पण 2024च्या विधानसभा प्रचारात लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन हमीभावाखाली विकले जात होते. हमीभाव मिळायचा तो सरकारी खरेदी केंद्रावर, तोही नोंदणी केली आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत असला तर. या ओलाव्याला शेतकरी ‘हवा’ म्हणतात. ती मर्यादा मतदानाच्या काही दिवस आधी 15 टक्क्यांवर नेली गेली. अशा वेळी मोठ्या अहवालापेक्षा आडत्याने दिलेली हिशोबपट्टी जास्त कामाची. तिच्यावर तारीख, वजन, दर, हमाली, तोलाई सगळे असते. विरोधकही सोवळे नाहीत. 2021च्या पावसाळ्यात भाव 10,000च्या आसपास गेला होता, तोच ते तुलनेला घेतात. तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात विकायला माल नव्हता.

पाण्याच्या आकड्यांत गफलत मोजमापाची असते. जायकवाडी धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे सुमारे 76 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) असते. त्याखाली 26 टीएमसी मृतसाठा राहतो. त्यामुळे ‘धरण शून्यावर’ म्हणजे धरण कोरडे नव्हे. दुष्काळासाठी पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आले याचा सरकारी अंदाज, पाहतात: ती 50 पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळसदृश धरण्याचा जुना प्रघात आहे.

अनुशेषाचा वाद दांडेकर समितीच्या 1984च्या अहवालापासूनचा. समितीने तो त्या वेळच्या राज्य सरासरीशी तुलना करून काढला होता. तेव्हा ‘अनुशेष संपला’ म्हणणाऱ्याला कोणत्या वर्षाचा, हे विचारावे लागते.

मतांच्या बाबतीत नांदेडचा दाखला दोन्ही बाजू देतात. 20 नोव्हेंबर 2024 रोजी तिथे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेचे मतदान एकाच दिवशी झाले. लोकसभा काँग्रेसने 1,457 मतांनी जिंकली. त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. एका बाजूला यात मतदान यंत्रातला घोळ दिसतो, दुसरीला यंत्र ठीक असल्याचा पुरावा. निव्वळ निकालावरून यातले काहीच ठरत नाही. विधानसभेत अपक्ष आणि लहान पक्षांत मते विखुरतात, म्हणून केंद्रनिहाय मते देणारा नमुना 20 आणि केंद्रावर एकूण किती मते पडली ते नोंदवणारा, मतदान संपताना उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती पडणारा नमुना 17-सी समोरासमोर ठेवावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि सभेत टाळ्या घेत नाही.

‘अमुक जातीची इतकी टक्के मते’ हा दावा मात्र ताडायलाच काही नसते. सर्व जातींचे जनगणनेतले आकडे 1931 नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत, आणि तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता.