सोयाबीन, अमोनियम सल्फेट आणि कॅन्सरचं औषध

‘कॅन्सरच्या पेशीला हुडकून तिच्यावरच मारा करणारं नॅनो-औषध आलं, आता केमोची गरज नाही’ असा मेसेज सध्या आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. सोबत रक्तातून सुसाट निघालेल्या क्षेपणास्त्राचं चित्र. ज्यांच्या घरात पेशंट आहे ती माणसं मोबाइल पुढे करून विचारतात, “सर, हे नागपूरले मिळते का?” त्या माणसांना नीट उत्तर मिळायला हवं. चित्रातली वस्तू खरी आहे. तिला अँटिबॉडी (प्रतिपिंड, म्हणजे एका ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) लावलेलं लायपोसोम म्हणतात. पण ते कोणाला हुडकत जात नाही.

आधी लायपोसोम. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांच्या लक्षात आलं, की फॉस्फोलिपिड हे स्निग्ध रेणू पाण्यात गेले की आपोआप पोकळ गोळे बनवतात. या रेणूच्या डोक्याला पाणी हवंसं, दोन शेपट्यांना नकोसं. म्हणून ते शेपट्या आत घेऊन दुहेरी पापुद्रा धरतात आणि तो पापुद्रा स्वतःवरच मिटतो. आपल्या पेशीचं आवरणही असंच असतं. असा पोकळ गोळा म्हणजेच लायपोसोम. औषधासाठी बनवलेल्या या इवल्या गोळीचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर, तांबड्या रक्तपेशीच्या सत्तराव्या भागाएवढा. विदर्भाला हे प्रकरण अगदी नवं नाही. २०२१च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले, ते लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन होतं.

कॅन्सरमध्ये या गोळीत भरतात ते मुख्यतः डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध. लालभडक, गुणकारी, पण हृदयाच्या स्नायूला इजा करणारं. गोळीत बंद केलं की हृदयाला होणारी इजा बरीच कमी होते. असं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते भारतातही बनतं. २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा भारतीय कंपनीचा माल तिथे मागवावा लागला. त्याचा पापुद्रा सोयाबीनपासून काढलेल्या फॉस्फोलिपिडला हायड्रोजन जोडून टणक केलेला असतो.

या सगळ्यात मला सर्वात सुंदर वाटतं ते औषध आत भरण्याचं रसायनशास्त्र. एवढ्या बारीक गोळीत सुईने काही भरता येत नाही. गोळ्या बनतानाच औषध मिसळलं तर आत अडकतं ते अगदी थोडं. जेरुसलेमचे शास्त्रज्ञ बारेनहोल्झ आणि सहकाऱ्यांनी यावर अमोनियम सल्फेट वापरलं, आपण खत म्हणून वावरात टाकतो तेच. गोळ्या त्याच्या द्रावणात बनवायच्या आणि बाहेरचं द्रावण काढून टाकायचं. आता क्षार फक्त आत. आतल्या अमोनियम आयनांपैकी काही फुटून अमोनिया आणि हायड्रोजन आयन होतात. अमोनियावर विद्युतभार नाही, तो पापुद्र्यातून निसटतो. हायड्रोजन आयन भारित, त्याला पापुद्रा अडवतो. अमोनिया निघून जाईल तसं आतलं पाणी आम्ल होत जातं.

मग बाहेर डॉक्सोरुबिसिन घालून मिश्रण साठेक अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे टणक पापुद्रा सैलावतो. डॉक्सोरुबिसिन सौम्य अल्क आहे. त्याचे भाररहित रेणू पापुद्रा ओलांडतात, आत हायड्रोजन आयन पकडून भारित होतात आणि उंदीर पिंजऱ्यात सापडावा तसे अडकतात. पुढे सल्फेटशी जुळून त्यांचा स्फटिक बनतो. स्फटिक झालेलं औषध द्रावणात मोजलं जात नाही, म्हणून आणखी रेणू आत येतच राहतात. नव्वद टक्क्यांहून जास्त औषध असं आत जातं. एका गोळीत दहा ते पंधरा हजार रेणू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गोळीच्या पोटात स्फटिकाची एक कांडी आडवी पडलेली दिसते आणि तिच्यामुळे गोळी लांबट झालेली असते. अँटिबॉडीला औषध थेट चिकटवण्याचीही पद्धत आहे, पण स्तनाच्या कॅन्सरवरच्या तसल्या एका औषधात एका अँटिबॉडीवर सरासरी तीन-चारच रेणू असतात. लायपोसोमचा हट्ट शास्त्रज्ञ का धरतात, ते यावरून कळेल.

आता अँटिबॉडी. तिला डोळे नाहीत. हातावरच्या शिरेत सोडलेल्या गोळीला गाठ कुठे आहे हे कळत नाही; रक्त नेईल तिकडे ती जाते. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या घाईने बनलेल्या आणि सच्छिद्र असतात, तिथून काही गोळ्या गळून गाठीत साचतात. अँटिबॉडीचं काम त्यानंतरचं. काही स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशींवर हर-२ हे प्रथिन खच्चून भरलेलं असतं. किर्पोटिन हे शास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा गाठी असलेल्या उंदरांना अँटिबॉडी लावलेल्या आणि न लावलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या गोळ्या दिल्या. गाठीत पोचलेलं प्रमाण दोन्हींचं जवळपास सारखंच निघालं. पण साध्या गोळ्या पेशींच्या मधल्या जागेत पडून राहिल्या, तर हर-२ची अँटिबॉडी लावलेल्या गोळ्या कॅन्सरच्या पेशींनी आत ओढून घेतल्या. म्हणजे अँटिबॉडी वाट दाखवत नाही, ती पेशीचं दार उघडते.

गाठीपर्यंत पोचणंच अवघड आहे. दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. हर-२वाल्या गोळीची रुग्णांवरची चाचणीही त्याच वर्षी थांबवावी लागली, कारण चालू उपचारांपेक्षा फायदा दिसेना. तेव्हा नागपूर असो की न्यूयॉर्क, अँटिबॉडी लावलेलं लायपोसोम दुकानात मिळत नाही. ‘केमोची गरज नाही’ हे तर साफ खोटं आहे. गोळीच्या पोटात केमोच आहे.

याच ग्रुपांवर दुसरंही एक फिरतं: ‘गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो.’ या भीतीने बायॉप्सी (सुईने गाठीचा नमुना काढून तपासणं) टाळून माणसं जडीबुटीवाल्याकडे महिने घालवतात आणि दवाखान्यात येतात तेव्हा तोंड उघडत नसतं. मला याचा फार राग येतो. सुईने कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मिळ आहे. न तपासलेली गाठ पसरते.

खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्या पेशींवर बहुधा ईजीएफआर हे प्रथिन जास्त असतं आणि त्याला धरणारी अँटिबॉडी डोक्या-मानेच्या कॅन्सरवर २००६ पासून वापरात आहे. तिचाच तुकडा लावलेली डॉक्सोरुबिसिनची गोळी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी वेगवेगळे कॅन्सर असलेल्या पंचवीस-तीस रुग्णांना देऊन पाहिली. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. अख्खी अँटिबॉडी न लावता तुकडाच घेतला, कारण Y आकाराच्या अँटिबॉडीच्या दांड्याला यकृतातल्या भक्षक पेशी ओळखतात. रुग्णांना ते औषध सोसलं. पण ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती. तिथे मुख्यतः किती मात्रा सोसते ते पाहतात. आयुष्य वाढतं का, हे ठरायला पुढचे टप्पे लागतात.