कोर्टातलं हिअरिंग, क्लासातलं लिसनिंग

नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात पुकारा झाला की अशील वकिलामागून घाईघाईने आत शिरतो. आज त्याचं ‘हिअरिंग’ असतं. तिथून कॉलेज रोड फार लांब नाही. परदेशी शिकायला जाणारी पोरं तिथल्या क्लासांमधून ‘लिसनिंग’चा सराव करतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या त्या पेपरात ४ भाग, ४० प्रश्न आणि रेकॉर्डिंग एकदाच लावणार. सुटलं ते सुटलं. मराठीत दोन्हीकडे ऐकणंच आहे. इंग्रजीत मात्र कानावर पडतं ते ‘हिअर’ आणि कान देऊन ऐकायचं ते ‘लिसन’, असं क्लासात शिकवतात. ते बरोबरच आहे. फक्त न्यायाधीश कान देऊन ऐकत असूनही तिथे ‘लिसनिंग’ का होत नाही, हे त्या नियमातून कळत नाही.

त्यासाठी मागे जावं लागतं. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले. ‘लिसन’चं नातं थेट आपल्या ‘श्रु’ धातूशी आहे. श्रवण, श्रुती आणि इंग्रजीतला ‘लाउड’ हे सगळे एकाच भावकीतले. ‘हिअर’चं कूळ वेगळं. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ हुकूम मानणे असाही होता. आपल्याकडे ‘पोरगं ऐकत नाही’ म्हटल्यावर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही, तसंच. आज्ञा पाळणे या अर्थाचा ‘ओबे’ही लॅटिनमधल्या ऐकण्याच्याच क्रियापदातून आलेला.

१०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे तिथल्या कोर्टात फ्रेंच बोलली जाऊ लागली. खटला चालवणं म्हणजे ‘ऐकणं आणि निवाडा करणं’. त्यासाठी ‘ओयर’ आणि ‘टर्मिनर’ हे फ्रेंच शब्द कायद्यात रुजले. कोर्टात शांतता करायला ‘ओयेझ’, म्हणजे ‘ऐका’, अशी आरोळी दिली जाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ती आजही तीनदा देतात. १३६२ च्या कायद्याने युक्तिवाद इंग्रजीत करायला सांगितलं, तरी फ्रेंच शब्द सहजी गेले नाहीत. इंग्रजी ‘हिअरिंग’ याच पठडीतलं: अधिकारावर बसलेल्याने तुमचं म्हणणं समोर ऐकून घेणं. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्वही याच अर्थावर उभं आहे. म्हणून महसुली अपिलात ‘म्हणणं मांडायची संधीच दिली नाही’ हा मुद्दा वजनदार ठरतो.

सोसायटीच्या ‘ऑडिट’चं मूळही कानातच. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि ऑडिटर ते ऐकून तपासत असे. आता तो व्हाउचरं चाळतो, नाव मात्र ऐकणाऱ्याचंच राहिलं. ब्रिटिश संसदेतलं ‘हिअर, हिअर’ हेही मूळचं ‘यांचं ऐका, यांचं ऐका’. पुढे ते आखडलं आणि वाहवा झाली.

मला स्वतःला यात सगळ्यात आवडतो तो ‘ईव्ह्जड्रॉप’. चोरून ऐकणे हा आजचा अर्थ. मूळ अर्थ मात्र निव्वळ पागोळ्यांचा. छपराच्या कडेवरून पावसाचं पाणी जिथे ठिबकतं, ती भिंतीलगतची जमिनीची पट्टी. जुन्या नाशकातला एखादा कौलारू वाडा श्रावणात पाहिला असेल तर ती लगेच डोळ्यांपुढे येईल: पागोळ्यांनी मातीत पडलेली खळग्यांची ओळ, आणि ओळीच्या आत, वळचणीखाली, माणूस उभा राहील एवढी कोरडी जागा. तिथे उभं राहून घरातलं बोलणं टिपणाऱ्याला इंग्लंडमध्ये त्या जागेचंच नाव चिकटलं. नुसतं चिकटलं नाही, तर ऐकलेलं गावभर करून तंटे लावणं हा तिथे गुन्हाच होता. संसदेने तो रद्द केला थेट १९६७ मध्ये, तोवर तिथे फोन टॅपिंगवर वाद सुरू होऊन गेले होते.