स्क्रीन उजळण्याआधीचे आकडे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर परवा नव्या पेठेत दुरुस्तीला आला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. ‘मदरबोर्ड गेला’ हे मालकांनी आधीच ठरवलेलं. कॅबिनेटला लिंबू-मिरचीही बांधलेली. दुकानदाराने डीबग कार्ड, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या पायऱ्यांचे आकडे दाखवणारी पट्टी, खोचलं. लाल आकडे भराभर पळाले आणि 55 वर थांबले. त्या बोर्डावरच्या एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) 55 म्हणजे रॅम सापडत नाही. स्लॉटमध्ये सुताचे तंतू अडकले होते. ते ब्रशने काढले, रॅमची सोनेरी टोकं खोडरबराने पुसली, मशीन चालू. नजर लागून कॉम्प्युटर बंद पडत नाही. लिंबाची तार आत पडली तर शॉर्ट मात्र होऊ शकतो.

बायोस प्रत्येक पायरीला एक बाइट 80 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एका ठरलेल्या पत्त्यावर, लिहितो. 80 हा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा अंकांच्या मोजणीतला. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीपासूनची ही पद्धत. लॅपटॉपमध्ये असं कार्ड लावायला बहुधा जागाच नसते. पण बॅटरी, पंखा, कीबोर्ड सांभाळणारी एम्बेडेड कंट्रोलर ही छोटी चिप मुख्य प्रोसेसरच्या आधी जागी होते आणि हे आकडे टिपू शकते.

खरी गंमत टिपण्यात आहे. आकडा आला की लगेच सिरियल तारेवर छापावा, तर 1,15,200 बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षराला 87 मायक्रोसेकंद लागतात. वीस अक्षरांची ओळ म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचे आकडे निसटतील. म्हणून इंटरप्टमध्ये, म्हणजे आकडा येताच चिप हातातलं काम थांबवते तेव्हा, तो फक्त मेमरीत टाकायचा, छापायचं सवडीने. मेमरी इवलीशी, म्हणून रचना रहाटगाडग्याची: समजा 256 पोहरे. शून्यापासून मोजत 300 व्या नोंदीची जागा 300 आणि 255 यांचा बिटवार अँड (दोन्हींत 1 असलेले बिट तेवढे ठेवणं), म्हणजे 44. भागाकार नाही, काही सरकवणं नाही. सर्वांत जुनी नोंद आपोआप पुसली जाते.

मुख्य प्रोसेसर रीसेट झाला तरी ही चिप चालूच असते, त्यामुळे मागच्या प्रयत्नाचे आकडेही शिल्लक राहतात. दोन प्रयत्न वेगळे कसे ओळखायचे? गूगलच्या क्रोमबुक लॅपटॉपांमधल्या या चिपच्या खुल्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) रीसेटला 255 पेक्षा मोठी खूण लिहितात. पोर्टवरून येणारा एका बाइटचा आकडा तेवढा मोठा असूच शकत नाही, त्यामुळे गल्लत होत नाही.

शेवटचा आकडा मशीन कुठे अडलं ते सांगतो. दोषी भाग तोच, असं मात्र नाही. म्हणून मी आधी मागची नक्षी बघतो. काही आकडे, खूण, पुन्हा तेच आकडे, पुन्हा खूण: मशीन दरवेळी त्याच पायरीवरून माघारी फिरतंय.