जमीन कोण वाटणार? श्रीलंकेतील तमिळ प्रश्नाची पार्श्वभूमी

श्रीलंकेतला तमिळ प्रश्न म्हटला की आपल्याला भाषावाद आणि प्रभाकरन आठवतात. पण जवळजवळ प्रत्येक तडजोडीत एक कलम जमिनीचं होतं आणि तेच पाळलं गेलं नाही. देशातली चार-पंचमांशाहून जास्त जमीन सरकारी असल्यामुळे ती वाटण्याचा अधिकार म्हणजेच खरी सत्ता.

१९४९ पासून पूर्वेकडच्या गल ओया सिंचन प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात बाहेरची, मुख्यतः सिंहली कुटुंबं वसवली गेली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या, तमिळ नेते चेल्वनायकम यांच्या फेडरल पक्षाने अशा वसाहतींना विरोध केला. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यात झालेल्या करारात जमिनीचे लाभार्थी निवडण्याचं काम प्रादेशिक परिषदांकडे द्यायचं ठरलं. पुढच्या एप्रिलमध्ये कराराला विरोध करत बौद्ध भिक्खूंनी पंतप्रधानांच्या दारात ठाण मांडलं आणि करार मोडीत निघाला. १९६५ मध्ये पंतप्रधान डडली सेनानायके यांनी तर जमीनवाटपाचा क्रमच मान्य केला होता: आधी जिल्ह्यातले भूमिहीन, मग उत्तर आणि पूर्व प्रांतांतले तमिळभाषक, मग इतर. तोही कागदावरच राहिला. १९७६ च्या वट्टुकोट्टै ठरावात थेट वेगळं राष्ट्र मागितलं गेलं, ते या अनुभवानंतर.

१९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून श्रीलंकेत प्रांत परिषदा आणणारी तेरावी घटनादुरुस्ती आली. तिची मेख परिशिष्टात आहे. जमीन हा विषय प्रांतांचा, सरकारी जमीन मात्र प्रजासत्ताकाची! धोरण ठरवायला राष्ट्रीय भूमी आयोग नेमायचा होता, तो नेमलाच नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राच्याच बाजूने कौल दिला.

मे २००९ मध्ये लष्कर आणि प्रभाकरनची एलटीटीई यांच्यातलं युद्ध संपलं, तरी लष्कराने घेतलेली गावं लगेच सुटली नाहीत. मुल्लैतीवू जिल्ह्यातल्या केप्पापुलवच्या बायका २०१७ मध्ये छावणीसमोरच धरणं धरून बसल्या. इरणैतीवू बेटावरचे मच्छीमार १९९२ पासून विस्थापित होते. एप्रिल २०१८ मध्ये ते पांढरे झेंडे लावलेल्या होड्यांतून स्वतःच बेटावर उतरले. अनेकांची कागदपत्रं युद्धात गेलेली, त्यामुळे मालकी सिद्ध करणं आणखी अवघड.

तमिळांच्या स्वयंनिर्णयाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट सहसा गाळली जाते. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तरेतल्या मुसलमानांना हाकललं. जाफना शहरात त्यांना जेमतेम दोन तास मिळाले. परतीचा हक्क त्यांचाही आहे, आणि तिथे तमिळ नेतृत्वाचा आवाज बारीक होतो.

उत्तर प्रांत परिषदेची पहिली निवडणूक २०१३ मध्ये झाली. २०१८ मध्ये मुदत संपल्यावर कारभार राज्यपालाकडे गेला आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षं लांबत राहिली.