‘पुढे’चं ‘पढे’ का होतं? डायलॉगच्या मापांची आणि रंगांची पार्श्वभूमी

मराठीत आणलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पढे’ असं एक बटण दिसायचं. मूळ शब्द अर्थातच ‘पुढे’. बटणाची उंची इंग्रजी अक्षराला बेतून दिलेली असल्यामुळे ‘प’खालचा उकार कडेला जाऊन छाटला जायचा. ‘पुसून टाका’चं ‘पसन टाका’ व्हायचं. भाषांतर करणाऱ्याचं काही चुकलेलं नसायचं. चूक त्याच्या कितीतरी आधी, चौकट मोजायची पट्टी ठरली तेव्हाच झाली होती. ती पट्टी कुठून आली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी शब्दाबद्दल थोडं. मुंबईत ‘डायलॉग’ म्हटलं की आधी सिनेमातलं वाक्य आठवतं. परिभाषेत ‘संवादपेटी’, ‘संवाद चौकट’ असे शब्द आहेत, पण ऑफिसात कुणी तसं बोलत नाही. ‘ती छोटी विंडो आली’ एवढं पुरतं. प्रोग्रामने काम थांबवून माणसाला काहीतरी विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभं राहायचं, तो डायलॉग.

खिडक्या येण्यापूर्वी जागेचा प्रश्न सोपा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या पीसीवर डॉस चालायचं आणि त्यावर डीबेस किंवा फॉक्सप्रो हे नोंदी ठेवायचे प्रोग्राम. पडदा म्हणजे २५ ओळी आणि ८० रकाने. ‘सातव्या ओळीत, विसाव्या रकान्यात हे लिही आणि पुढे उत्तर घे’ असं एका ओळीत सांगता यायचं. रंग १६. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि भोवती दुहेरी रेघांची चौकट, हा त्या काळच्या पतपेढ्यांचा आणि औषधांच्या दुकानांचा गणवेशच होता. प्रत्येक अक्षराला एकच घर, त्यामुळे मापाची वेगळी गरजच नव्हती. आमच्या पिढीच्या प्रोग्रामरांच्या डोक्यात ही चौकटी-चौकटींची वही पक्की बसली आणि पुढची बरीच वर्षं तिने आम्हाला छळलं.

तिकडे १९८१ मध्ये झेरॉक्सचं ‘स्टार’ हे संगणकयंत्र बाजारात आलं. पडद्यावरची कुठलीही वस्तू निवडून एक कळ दाबली की तिच्या गुणधर्मांचा तक्ता उघडायचा, हवे ते पर्याय निवडायचे. आजच्या सेटिंग्जच्या खिडक्यांचं मूळ त्यात आहे. ॲपलने १९८३ मध्ये ‘लिसा’ आणली. तिच्या चाचण्यांची एक गोष्ट तिथले प्रोग्रामर अँडी हर्ट्झफेल्ड यांनी सांगितली आहे. होकाराच्या बटणावर आधी ‘डू इट’ असं लिहिलं होतं. त्या फॉन्टमध्ये दोन शब्दांमधली फट इतकी बारीक दिसायची की काही लोकांनी ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचलं. संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतोय, म्हणून एक जण वैतागला. मग बटणावर ‘ओके’ आलं. आज ट्रेनच्या तिकिटापासून बँकेच्या ॲपपर्यंत आपण जे ‘ओके’ दाबतो, त्याच्या मुळाशी दोन शब्दांमधली एक अपुरी फट आहे!

१९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. डायलॉगमधल्या प्रत्येक वस्तूचा आयत ठिपक्यांत लिहून ठेवायचा: वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. ही यादी प्रोग्रामपासून वेगळी ठेवलेली असायची, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला मूळ प्रोग्रामला हात न लावता शब्द बदलता यावेत आणि चौकटी हलवता याव्यात. कल्पना फार चांगली होती. पडदा एकाच घनतेचा, इंचाला ७२ ठिपके, म्हणून ठिपक्यांतलं मापही निभावून गेलं.

विंडोजला ती चैन परवडणारी नव्हती. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा पीसीचे पडदे तऱ्हेतऱ्हेचे होते. ठिपक्यांत माप दिलं तर एकीकडे ठीक दिसणारी खिडकी दुसरीकडे चेपलेली दिसणार. म्हणून मायक्रोसॉफ्टने माप अक्षरावर टांगलं. डायलॉगचं आडवं एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग आणि उभं एकक म्हणजे अक्षराच्या उंचीचा आठवा भाग. फॉन्ट मोठा झाला की खिडकी आपोआप मोठी. पुढे विंडोज ९५ च्या काळात आठ पॉइंटचा एमएस सॅन्स सेरिफ हा फॉन्ट रूढ झाला. त्याची सरासरी रुंदी सहा ठिपके आणि उंची तेरा. म्हणून ५० बाय १४ एककांचं नेहमीचं बटण पडद्यावर ७५ बाय २३ ठिपक्यांचं होतं. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना हे आकडे झोपेत विचारले तरी सांगता येतील. कडेला सात एककं सोडायची, दोन वस्तूंमध्ये चार, हेही तसंच पाठ.

युक्ती खरंच हुशारीची आहे. पण सरासरी रुंदी कुणाची? ती काढायची पद्धत मायक्रोसॉफ्टने सांगितली ती अशी: इंग्रजीची लहान आणि मोठी मिळून ५२ अक्षरं ओळीने लिहायची, त्यांची रुंदी मोजायची, भागाकार करायचा. ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष्य’ त्या ओळीत कधी उभेच राहिले नाहीत. उंचीचं तर आणखीच वाईट. विंडोज २००० पासून देवनागरी दिसू लागली ती ‘मंगल’ या फॉन्टमधून. पण डायलॉगचा नेमलेला फॉन्ट इंग्रजीच असायचा आणि त्यात नसलेली अक्षरं मंगलमधून उसनी घेतली जायची. चौकट मापली इंग्रजी फॉन्टने, आत बसायला आला मंगल. शिरोरेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही. तेरा ठिपक्यांत हे सगळं बसवायचं म्हणजे विरार लोकलच्या तीन जणांच्या बाकावर पाचवा माणूस. चौथा बसतोच, ती आपली रीत आहे. पाचव्याचा पाय बाहेरच.

मंगल केलं र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात गाजलेले, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवणारे. जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत, त्यांनी संगणकावरच्या भारतीय लिप्यांचं मोठं काम केलं. ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली आणि नंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत सामील झाली. जोशी २००८ मध्ये गेले. मंगल फार उंच आहे, ओळी उगाच लांब पडतात, अशी तक्रार मीही वर्षानुवर्षं केली आहे. आता वाटतं, त्यांनी लिपीला लागते तेवढी जागा मागितली होती. ती द्यायची की नाही हे चौकट आखणाऱ्याने ठरवलं. त्याच जुहूच्या संस्थेतून ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्पही झाला. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो यंत्रणेतच भारतीय लिपींची जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात केली होती, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामने ती पुन्हा वेगळी करायला नको.

माझ्या स्वतःच्या चुका व्हिज्युअल बेसिकच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहायच्या साधनाच्या. १९९१ मध्ये ते आलं आणि डायलॉग ‘लिहायचे’ बंद होऊन ‘ओढायचे’ झाले. माउसने बटण उचला, खिडकीत टाका, कोपरा धरून ताणा. माप ‘ट्विप’मध्ये: एका इंचाला १४४०. छापखान्याच्या पॉइंटचा हा विसावा भाग. नेहमीच्या सेटिंगला एका ठिपक्याचे १५ ट्विप, आणि कुणी मोठे फॉन्ट निवडले की १२. ट्विप म्हटलं की पडद्याची चिंता संपली असा आमचा समज होता. लालबागच्या एका पतपेढीसाठी मी कर्जाच्या अर्जाची खिडकी केली ती माझ्या ८०० बाय ६०० च्या पडद्यावर. तिथे होता १४ इंची मॉनिटर, ६४० बाय ४८०. ‘जतन करा’ बटण पडद्याच्या खाली, कुठेतरी टेबलाच्या आत. रोखपाल काका चार दिवस न बोलता टॅब मारत मारत अंदाजाने एंटर दाबत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, “अरे, तुझं बटण दिसत नाही, पण चालतं हो.”

त्या काळी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना वेगवेगळा क्रमांक देणारी पद्धत, हाताशी नव्हतं. मराठीसाठी शिवाजी किंवा किरणसारखा फॉन्ट वापरायचा, म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी मुखवटा. लेबलाचा फॉन्ट बदलला की काम झालं. नव्या मशीनवर तो फॉन्ट टाकायला विसरलात की सगळ्या बटणांवर इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि माप? ते पुन्हा डोळ्याने, मुखवट्याकडे बघून.

रंगाची कथा वेगळ्या वळणाने जाते. विंडोज ३.१ च्या डायलॉगांची पार्श्वभूमी साधारण पांढरी असायची. त्यातल्या त्यात ऐटबाज दिसावं म्हणून उठावदार राखाडी रंग देणारी एक छोटी जोडफाइल प्रोग्रामर सोबत पाठवू लागले. विंडोज ९५ ने तो राखाडीच सगळ्यांचा केला: लाल, हिरवा, निळा तिन्ही १९२. बटणाच्या वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खाली-उजवीकडे काळपट. जणू दिवा नेहमी डाव्या कोपऱ्यात वर टांगलेला. त्या दोन रेघांनी सपाट पडद्यावर बटण उचलल्यासारखं दिसायचं आणि दाबलं की रेघांची अदलाबदल. इतक्या थोड्या खर्चात इतका भास मला तरी दुसरीकडे दिसलेला नाही.

डायलॉगमधल्या एखाद्याच वस्तूचा रंग बदलायचा तर विंडोजची रीत गमतीची आहे. वस्तू रंगण्याआधी आपल्या मालकाला, म्हणजे खिडकीला, निरोप पाठवते: मला रंगायचंय, कुंचला द्या. खिडकीने कुंचला दिला तर तो, नाही तर घरातला नेहमीचा. जुन्या १६ बिटांच्या विंडोजमध्ये हा निरोप एकच होता. ३२ बिटांत लेबल, लिहायची चौकट, यादी, बटण असे त्याचे वेगवेगळे निरोप झाले. लेबल कुंचला मुकाट्याने घेतं. साधं बटण मात्र निरोप पाठवतं आणि दिलेला कुंचला बाजूला ठेवून स्वतःच्याच रंगात रंगतं! ‘बटण हिरवं का होत नाही’ या प्रश्नात किती लोकांच्या संध्याकाळी गेल्या असतील. उत्तर एकच: बटण पूर्णपणे स्वतः चितारायची जबाबदारी घ्या. व्हिज्युअल बेसिकमध्ये आणखी एक खोडी होती. रंगाच्या आकड्यात निळा आधी, मग हिरवा, मग लाल. वेबपानावरचा लाल आकडा जसाच्या तसा टाकला की रंग निळा.

पण रंगातली खरी चूक हट्टाची असते. विंडोजने रंगांना भूमिका दिल्या होत्या: बटणाचा रंग, खिडकीतल्या मजकुराचा रंग, निवडलेल्या ओळीचा रंग. वापरणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांना सोयीचे रंग एकदा ठरवायचे आणि प्रोग्रामने नुसती भूमिका सांगायची. आम्ही काय केलं, तर मजकूर हट्टाने काळा ठरवला आणि पार्श्वभूमी यंत्रणेवर सोडली. कमी दिसणाऱ्या एखाद्याने काळ्या पार्श्वभूमीची योजना लावली की काळ्यावर काळं. वीस-पंचवीस वर्षांनी फोन आणि लॅपटॉपवर डार्क मोड आला तेव्हा नव्या मुलांनी हीच चूक नव्याने केली. दोन्ही रंग ठरवा किंवा एकही ठरवू नका, एवढंच ते आहे. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ला १ असावं हा आकडा २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या, वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या निकषांनी दिला. त्याआधी सगळं ‘मला तर दिसतंय’ यावर चालायचं.

आकडे न देता जागा ठरवायचा मार्ग या सगळ्याला समांतर चालूच होता. नेक्स्ट कंपनीच्या १९८८ च्या इंटरफेस बिल्डर या खिडक्या आखायच्या साधनामध्ये वस्तूला स्प्रिंग किंवा दांडी जोडता यायची: खिडकी ताणली तर ही बाजू ताणू दे, ती बाजू अंतर राखून राहू दे. टीसीएल-टीके या प्रोग्रामिंगच्या साधनामध्ये वस्तू ट्रंकेत कपडे भरावेत तशा एकामागून एक रचल्या जायच्या. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेने मांडणीचं काम वेगळ्या कारभाऱ्याकडे दिलं, पण त्यातला ग्रिडबॅग नावाचा कारभारी इतका चमत्कारिक की त्याच्या नावाने अजून लोक कपाळाला हात लावतात. पुढची पायरी म्हणजे नुसती नाती सांगायची: या बटणाची डावी कड त्या लेबलाच्या उजव्या कडेपासून इतकी लांब, दोघांची उंची सारखी. समीकरणं यंत्राने सोडवायची. ही कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये होती. नव्वदच्या दशकात कॅसोवरी नावाची चपळ पद्धत निघाली आणि २०११ मध्ये ॲपलने तिच्यावर आपलं ऑटो लेआउट उभं केलं. कल्पनेपासून रोजच्या वापरापर्यंत ४८ वर्षं.

या पद्धतीत ‘पुढे’चा उकार वाचतो, कारण बटण आधी आतल्या शब्दाला विचारतं, तुला किती जागा लागते? शब्द आपल्या फॉन्टने उत्तर देतो. फॉन्टही आता हवे तसे मिळतात. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ पडद्यावर वाचायला मोकळा आहे आणि त्यात देवनागरी आणि रोमन एकमेकांच्या मापाने आखलेले आहेत.

लालबागच्या खिडकीतही ‘पुढे’ होतंच. शेवटच्या दुरुस्तीत मी त्या बटणाची उंची ३७५ ट्विपवरून ४९५ केली. उकार पूर्ण दिसला. मग शेजारचं ‘मागे’ ठेंगणं वाटू लागलं म्हणून तेही वाढवलं, वरच्या दोन ओळींतली बटणंही वाढवली, आणि ‘जतन करा’ पुन्हा पडद्याखाली गेलं. काकांना फोन केला तर म्हणाले, “राहू दे, मला टॅब पाठ आहेत.”